सुपारीएवढी गाठ

आमच्या घरात हर्नियातली जाणकार मी होते. तसं मी स्वतः ठरवलं नव्हतं, पण कोणी म्हटलं तर नाकारतही नव्हते. कोणाच्या पोटावर फुगवटा आला, कोणाच्या लेकराची बेंबी वर आली, की आजूबाजूच्या बाया आधी आमच्या ओट्यावर येत आणि मग दवाखान्यात जात. मी दाबून पाहायची, खोकायला लावायची आणि सांगून टाकायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्यामुळे मला सवय लागली.

वलगावजवळ आमची बागायत आहे. भाजीपाला आणि थोडी फुलं. दोन भाऊ एकत्र राहतात: माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि माझा नवरा. त्या दोघांच्या आम्ही दोन बायका. मुलं शिक्षणाला, नोकरीला बाहेरगावी. सासू-सासरे वारले. म्हणजे घरात माणसं चार. माल अमरावतीच्या बाजारात जातो. तोडणी, धुणं, जुड्या बांधणं, कॅरेट भरणं हे सगळं आम्ही दोघी जावा आणि रोजाच्या चार-पाच बाया मिळून करतो.

मला जे ज्ञान होतं ते घरातल्या तीन हर्नियांवरून आलेलं होतं.

पहिला सासऱ्यांचा. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. सासरे सायकलवर बसेनासे झाले, मग जेवायला मांडी घालेनासे झाले. खोकला आला की एक हात धोतरावर धरत. लंगोट आवळून किती महिने काढले कोण जाणे. सुनांना सांगितलं गेलं ते एवढंच, की पोटाचं ऑपरेशन आहे. सुनांसमोर जांघ हा शब्द कोण काढणार? पुढे नवऱ्याकडून कळलं, की आतड्याचा वेढा जांघेतून उतरून पार अंडकोशात आला होता. वृषण जन्माआधी पोटातून खाली येतात. ती वाट नंतर बंद होते, पण पुरुषांच्या पोटाची भिंत तिथे कायमची कच्ची राहते. वर सासऱ्यांनी आयुष्यभर भरल्या गोण्या उचललेल्या, विडीचा खोकला, म्हातारपणी लघवीला जोर. आतून रोज दाब पडत गेला आणि कच्ची जागा उघडली. हर्निया म्हटलं की लोकांना आठवतो तो हाच.

दुसरा नणंदेच्या मुलीचा. तिची बेंबी रडताना लिंबाएवढी फुगायची. सासूबाईंनी रुपयाचं नाणं चिंधीत गुंडाळून पोटावर बांधलं. मुलगी वळवळली की नाणं घसरून पाठीवर जायचं, पुन्हा बांधायचं. तीन वर्षांची होईपर्यंत बेंबी आत गेली आणि नाण्याचा जयजयकार झाला. नाळेच्या जागचं ते भोक बहुतेक लेकरांचं आपोआप बुजतं, नाणं बांधा की नका बांधू. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनी ते नाणं देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

तिसरा माझा. धाकट्याच्या वेळी सिझेरियन झालं, बेंबीखाली उभा टाका. फुलकोबीचा हंगाम होता. वीस दिवसांत मी कॅरेट उचलायला लागले. कोणी उचल म्हटलं नव्हतं, पण कोणी नको असंही म्हटलं नव्हतं. दोन-तीन वर्षांनी टाक्याच्या बाजूला मऊ फुगा दिसायला लागला. उभं राहिलं की दिसायचा, झोपलं की गायब. माझं माहेर अकोल्याचं. आईजवळ राहून तिथल्याच डॉक्टरांकडे ऑपरेशन केलं. जिथे पोट एकदा कापून शिवलेलं असतं ती शिवण मूळ कापडाइतकी कधीच पक्की होत नाही, म्हणून आतून जाळी लावली. तीन महिने वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या तीन महिन्यांत माझ्या वाटचं सगळं काम मोठ्या जावेनं केलं. कुरकुर न करता नव्हे, चांगली कुरकुर करून केलं. पण केलं.

त्या डॉक्टरांनी मला खूण सांगितली होती. खोकलं की बाहेर येतो, आडवं झालं की आत जातो, असा फुगा दिसला की हर्निया समजायचं. ती मी पाठ करून ठेवली. पुढची पंधरा-सोळा वर्षं मी तीच खूण लावत होते.

मागच्या वर्षी श्रावण लागला तेव्हा मोठीच्या टाचेत बोरीचा काटा मोडला. कुंपणाची बोर छाटली होती, काट्या वाटेत पडलेल्या, आणि ती शेतात चप्पल घालत नाही. चिखलात चप्पल रुतते, हे तिचं म्हणणं खरंही आहे. सुईनं काटा काढला, तरी टोक आत राहिलं असावं. टाच सुजली, पिकली. कांद्याचं गरम पोटीस बांधून ती लंगडत काम करत होती.

एका दुपारी मी मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. तिनं कोठीच्या दारातून हाक मारली.

"लहाने, इकडे ये जरा. दार लावून घे."

"काय झालं बाई?"

"तू दार तं लाव."

मी दार लावलं. तिनं लुगड्याच्या निऱ्या बाजूला केल्या आणि उजव्या जांघेतली गाठ दाखवली. सुपारीएवढी. जांघेच्या वळीच्या जराशी खाली, मांडीच्या सुरुवातीला.

"दुखते का?"

"दुखत नाई. पन हाताले लागते. चार-पाच दिवस झाले पाहून राह्यली."

मी माझी परीक्षा घेतली. खोका म्हटलं. ती खोकली. गाठ जागची हलली नाही. गोण्यांच्या थप्पीवर आडवं व्हायला लावलं. ती झोपली, वर आढ्याकडे पाहत म्हणाली, "गोनीत भरून बाजारात नेते का आता मले?" मी गाठ दोन बोटांनी आत ढकलून पाहिली. ती गेली नाही.

"हर्निया नाई हे," मी म्हटलं. "हर्निया आत जाते. हे अवधाण हाय. टाच पिकली ना तुमची, त्याचं."

आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं. पायाला जखम झाली, काटा पिकला, की त्याच बाजूच्या जांघेत गाठ येते. तिला अवधाण म्हणतात. गाठीकडे पाहायचंच नाही, पायाकडे पाहायचं. पाय बरा झाला की गाठ बसते. ते खोटंही नाही. मला स्वतःला दोनदा आलेलं आहे. काटा उजव्या पायात, गाठ उजव्या जांघेत, खोकल्यावर हलत नाही, झोपल्यावर जात नाही. मला कुठे शंका यावी असं काही नव्हतंच.

"मंग दवाखान्यात नको ना जाऊ?" तिनं विचारलं.

"काट्यासाठी काय दवाखाना बाई. डॉक्टर हासन."

तिनं निऱ्या नीट केल्या. तिला बरं वाटलं, हे दिसत होतं. जाताना म्हणाली, "सांगू नको कोनाले. जांघेचं काय सांगतं मानूस."

इथपर्यंत माझी चूक झाली, एवढंच म्हणता येईल. चूक कोणाचीही होते. मी हे लिहायला बसले ते याच्यासाठी नाही.

टाच पंधरा दिवसांत बरी झाली. काट्याचं काळं टोक आपोआप बाहेर आलं, खपली पडली, ती सरळ चालायला लागली. त्यानंतर आणखी आठेक दिवसांनी आम्ही दोघी हौदावर पालक धूत होतो. रोजाच्या बाया लांब होत्या.

"लहाने, थे गाठ हायेच वं," ती म्हणाली. "पाय तं कवाचा बरा झाला."

मी तिच्या टाचेकडे पाहिलं. टाच कोरडी, स्वच्छ होती. तेव्हा मला कळलं. पूर्ण नाही, पण एवढं नक्की कळलं, की हे अवधाण नाही. पाय बरा होऊन गाठ राहते, तर गाठीचं कारण पाय नाही. एवढा हिशोब मला येतो.

पण महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या होत्या. आमच्या भागात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. शहरातल्या बाया सोळा जातीच्या भाज्या घ्यायला सोळा ठेल्यांवर फिरत नाहीत. आम्ही त्यांना वाटा बांधून देतो: चार भेंड्या, दोन वांगी, कारल्याचा तुकडा, अंबाडीची दोन पानं, भोपळ्याची फोड, असं सोळा पुरं करून. हे काम आमच्या घरात मोठीनंच सुरू केलं. सोळा मोजण्यात तिचा हात कधी चुकत नाही. माझा चुकतो, पंधरा होतात, आणि मग बाया परत येऊन भांडतात. त्या वर्षी अमरावतीच्या तीन-चार कॉलन्यांतून मागणी आली होती आणि मी सगळ्यांना हो म्हटलं होतं.

दवाखान्यात गेलो तर डॉक्टर म्हणणार, वजन उचलू नका. मी त्यातून गेलेली होते, मला माहीत होतं. मला त्या आठवड्यात तिचे हात हवे होते.

"कधी कधी हळूहळू बसते," मी म्हटलं. "महालक्ष्म्या होऊ द्या. मंग अमरावतीले जाऊन दाखवू."

"पाह्य बापा. तुले समजते म्हनून इचारलं," ती म्हणाली, आणि पालकाची जुडी झटकली. पाणी माझ्या तोंडावर उडालं. दोघी हसलो.

वाटे बांधून झाले, गेले. महालक्ष्म्या आमच्याही घरी बसतात. जेवणाच्या दिवशी चाळीसेक पानं होती. आंबिलीचा मोठा गंज चुलीवरून उतरवायचा होता. दोन टोकांना दोघी लागलो. तिनं उचलताना एकदा डोळे मिटले आणि दात दाबले. मला वाटलं वाफ लागली. त्या दिवशी ती पानावर बसली, पण पुरणपोळी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटात बेंबीभोवती कळ यायची, जायची, पुन्हा यायची. घरात एकमत झालं, की आंबील बाधली. ओवा दिला, काळं मीठ दिलं. भासऱ्यांनी गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "कुठे दुखते?" तिनं बेंबीवर हात ठेवला. भासरे पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांच्यासमोर आणि डॉक्टरांसमोर ती जांघेचं बोलणार नव्हती. मी उशाशी होते. मीही बोलले नाही. माझ्या डोक्यात गाठ आली नव्हती असं नाही. आली होती. मी मनात म्हटलं, दुखतंय बेंबीला, गाठ जांघेत, त्याचा याला काय संबंध. हे मी स्वतःला पटवून दिलं. डॉक्टरांनी गॅसचं इंजेक्शन दिलं आणि गेले.

तिसऱ्या दिवशी पोट फुगून ताठ झालं. ना वायू सरत होता, ना शौचाला होत होतं. ओकारीला हिरवट रंग आला, आणि मग जो वास यायला लागला तो पोटातून वर येणाऱ्या अन्नाचा नव्हता, शौचाचा होता. मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि निऱ्या बाजूला केल्या. गाठ लिंबाएवढी झालेली. कातडी लाल, तणाणलेली. मी नुसतं बोट टेकवलं तर ती ओरडली.

मी बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, "पिकअप काढा. आत्ता."

"अवो, ऑटो बोलावतो ना."

"कॅरेट खाली फेका अन् पिकअप काढा."

मागे गादी टाकली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वलगाव ते अमरावती रस्ता काही लांब नाही. त्या दिवशी तिथला प्रत्येक गतिरोधक मला मोजता आला असता. वाटेत ती एकदाच बोलली. "थे गाठच हाय का वं?" मी म्हटलं, "बोलू नका."

दवाखान्यात सर्जन बाई होत्या. त्यांनी पोट पाहिलं आणि लगेच, न विचारता, दोन्ही जांघा पाहिल्या. पहिल्या मिनिटात. गावात जे कोणी केलं नाही ते त्यांनी आधी केलं.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"परवापासून," माझी जाऊ म्हणाली.

"त्याआधी नव्हती?"

"नाई."

"कोणाला दाखवली होती का?"

"कोनाले दाखवू? तवाच तं आली." हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तिचं लुगडं हातात धरून उभी होते. भासरे पडद्याच्या पलीकडे होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. महिन्यावर झालं, मी पाहिली होती, दोनदा सांगितलं होतं त्यांनी: एवढं वाक्य होतं. ते मी बोलले नाही. उत्तर काहीही असतं तरी ऑपरेशन तेच आणि तेव्हाच होणार होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माहीत नव्हतं. त्या क्षणी मला वाटत होतं की या उत्तरावर काहीतरी अवलंबून असेल, आणि तरी मी गप्प राहिले.

सह्या झाल्या. बाईंनी भासऱ्यांना सरळ सांगितलं, की आतडं अडकून पिळलं आहे, रक्तपुरवठा तुटला असावा, आतड्याचा तुकडा मेला असेल तर कापावा लागेल, आणि तो आत फुटला असेल तर जिवाचं सांगता येत नाही. भासरे बाकावर बसले. गळ्यातला दुपट्टा काढून गुडघ्यावर घेतला आणि त्याच्या घड्या घालायला लागले. घालायचे, मोडायचे. दुपारभर तेच.

संध्याकाळ व्हायच्या आत बाई बाहेर आल्या. वाचली होती. वीतभर आतडं काळं पडलेलं, ते काढून दोन टोकं जोडली. त्यांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून दाखवलं. कमरेच्या हाडापासून खाली मधल्या हाडापर्यंत एक तिरपा पट्टा असतो, ताणलेल्या दोरीसारखा. सासऱ्यांचा हर्निया त्या दोरीच्या वरचा. दोरीच्या खालून पायाला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या मांडीत उतरतात. त्यांच्या कडेला एक चिंचोळी फट असते, करंगळीएवढी. बायकांचं कंबरेचं हाड रुंद, म्हणून त्यांची ही फट जरा मोठी असते. बाळंतपणं, वजन उचलणं, जुनाट खोकला, शौचाला जोर, वयानुसार उतरलेलं अंग, यातलं काही ना काही कारण मिळतं आणि पोटातलं काहीतरी त्या फटीत घुसतं. मांडीतला हर्निया म्हणा, त्या म्हणाल्या. दिसायला छोटा. खोकल्यावर फारसा फुगत नाही. पुष्कळदा आत ढकलला जात नाही. फटीची कड कडक असते, रबरासारखी सैल होत नाही, म्हणून हाच सगळ्यात लवकर गळफास लावतो.

"लोकांना वाटतं गाठ आहे, जखमेची आहे," त्या म्हणाल्या. "बायका दाखवत नाहीत. लाजतात."

भासऱ्यांनी मान हलवली. "लाजच नडली," ते म्हणाले.

आणि ते वाक्य घराला चिकटलं.

आतडं मेलेलं निघालं म्हणून तिथे जाळी टाकता आली नाही, नुसती शिवण घातली. वर जखम चिघळली. नाकात नळी, हाताला सलाईन, मग रोजचं ड्रेसिंग. ती घरी आली तेव्हा दसऱ्याचा झेंडू तोडणीला आला होता. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि येणारा प्रत्येक जण तिला रागावून जायचा. "इतकी कशी लाजली वं माय?" "जीव मोठा का लाज मोठी?" "घरात लहानी एवढी जानती असून तिले नाई सांगतलं?" ती उशीला टेकून ऐकून घ्यायची. भासरे प्रत्येकाला सांगायचे, "लहानीनं ओळखलं म्हनून वाचली. नाई तं आमी आंबील-आंबील करत बसलो होतो."

लोक माझ्याकडे कौतुकानं पाहायचे. मी चहा आणायला उठायची. त्या दोन महिन्यांत मी जेवढा चहा केला तेवढा महालक्ष्म्यांनाही केला नसेल.

दिवाळीला अकोल्याला गेले. भावाकडे एकच दिवस होते, त्यातला सकाळचा वेळ काढून मी त्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. मला तपासायचं काही नव्हतं. खरं सांगायचं तर मी भांडायला गेले होते. त्यांनी सांगितलेल्या खुणेपायी माझी जाऊ मरायला टेकली होती, हे मला कोणाच्या तरी टेबलावर ठेवायचं होतं. त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी तुम्हाला तुमच्या हर्नियाची खूण सांगितली होती," ते म्हणाले. "लोकांचे तपासा, असं म्हटलं होतं का?"

मी म्हटलं, नाही.

"आणि आत जात नाही अशी गाठ दिसली, तर ती जास्त धोक्याची असं वाटायला हवं. तुम्ही उलटं धरलंत."

तिथून निघाले तेव्हा आणखी कोणाला दोष द्यावा असा माणूस उरला नव्हता.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी जावेची थोरली बहीण चांदूर रेल्वेहून आली. अंगणात बसलो होतो: ती, जाऊ, भासरे, आणि मी शेवंतीची फुलं निवडत. बहिणीनं तेच सुरू केलं. "लहानपनापासून अशीच हाय. पोटात ठेवते. मायले बी काई सांगे नाई. तुह्या नवऱ्याले तरी सांगाचं."

"मले सांगते?" भासरे म्हणाले. "मी इचारलं अस्तं तरी नाई म्हटलं अस्तं तिनं. मानसाले आपल्या जिवाची किंमत नाई तं दुसऱ्यानं काय कराव?"

जाऊ शेवंतीच्या टोपलीकडे पाहत होती. तिच्या कानाची पाळी लाल झाली होती. इतक्या दिवसांत ती मला प्रथमच रडायला आल्यासारखी दिसली.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. भासऱ्यांशी मी समोरासमोर कामापुरतंच बोलते, तेही डोक्यावर पदर घेऊन, बहुधा दाराआडून. त्या दिवशी पदर घ्यायचं लक्षात राहिलं नाही.

"त्यांनी दाखवली होती," मी म्हटलं. "मले. दोनदा. श्रावणातच. मी म्हटलं अवधाण हाय, जाईन. दुसऱ्यांदा मले समजलं होतं का हे अवधाण नाई. तरी मी महालक्ष्म्या होऊ द्या म्हटलं. वाटे बांधाचे होते म्हनून."

बहिणीनं हातातलं फूल खाली ठेवलं. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, एवढ्या वर्षांत प्रथमच नीट पाहिलं असेल, आणि उठले. "मोटर चालू हाय," एवढं म्हणून विहिरीकडे गेले. मोटर बंद होती. लाईनच नव्हती.

बहीण गेल्यावर जाऊ माझ्याजवळ आली. मला वाटलं काहीतरी हलकं होईल आता.

"काहून सांगतलं तू?"

"खरं होतं म्हनून."

"खरं तं दवाखान्यात बी होतं. तवा नाई सांगतलं. मी दोन महिने बोलनं खाल्लं, थे वाया घालवलं तू. घर एक राहावं म्हनून मी खाल्लं होतं. आता हे तुह्याशी बोलनार नाई, दोघं भाऊ एकमेकांचं तोंड पाहातीन, अन् मी मधात. तुले हलकं वाटाव म्हनून सांगतलं तू."

तेही खरं होतं.

घर फुटलं नाही. शेत एक आहे, पाणी एक आहे, पिकअप एक आहे, ते इतक्या सहज फुटत नाही. पण भासरे माझ्या हातचा चहा घेत नाहीत. तक्रार करत नाहीत, रागावत नाहीत, कप तसाच ठेवून जातात. नवरा म्हणतो, होईल हळूहळू. मी त्याला म्हटलं, हळूहळू हा शब्द माझ्यासमोर काढू नका.

ओट्यावर अजून बाया येतात. मी कोणाचं पोट पाहत नाही. आधी दवाखाना, म्हणते. त्यांना वाटतं मला गर्व झाला. एक तर तोंडावर म्हणाली, "जावेचा जीव वाचवला तं भाव वाढला बाईचा." आमच्या घरात त्या दिवशी जे बोलणं झालं ते घराबाहेर गेलेलं नाही. बहिणीनंही कोणाला सांगितलं नाही. म्हणजे गावात अजूनही मीच वाचवणारी आहे. हे दुरुस्त करायला दारोदार हिंडावं, एवढी हिंमत माझ्यात नाही.

मागच्या आठवड्यात सकाळी जाऊ दिसली नाही. हौदावर नाही, कोठीत नाही. भासऱ्यांना विचारणं शक्य नव्हतं. रोजाच्या बाईनं सांगितलं, मोठ्या बाई ऑटोनं अमरावतीला गेल्या. दुपारी ती परत आली. हातात औषधाची पिशवी होती, त्यातून केसपेपर डोकावत होता. पायांत चपला होत्या, नव्या.

"काय झालं बाई?" मी विचारलं. "टाक्यापाशी दुखत होतं का?"

"होतं थोडं."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले."

"काय म्हनाल्या डॉक्टर बाई?"

"काई नाई. शिवनीचा दोरा हाय आतला, थो टोचते. गाठ-बीठ नाई म्हने."

चार दिवस आम्ही दोघींनी समोरासमोर बसून जुड्या बांधल्या होत्या. तिनं मला दाखवलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. सरळ जिथे जायला हवं तिथे गेली. मी तिला हेच सांगितलं असतं, कोणालाही हेच सांगते. तिनं बरोबर केलं.

तिनं चपला काढल्या, हात धुतले, आणि मेथीच्या ढिगाजवळ बसली. भरलेलं कॅरेट तिच्या वाटेत होतं. ती वाकायच्या आत मी ते उचलून बाजूला ठेवलं. आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत जुड्या बांधल्या.